छोट्यांची उत्तरे आणि मोठे विज्ञान



हा लेख वाचण्यापूर्वी एक काम करा. पाटीवर किंवा वहीच्या मागच्या पानावर पृथ्वीचे चित्र काढा. तिच्यावर चार ठिकाणी चार माणसे उभी करा. प्रत्येकाच्या डोक्यावर एक ढग काढा आणि त्या ढगातून पाऊस पडताना दाखवा. शेजाऱ्याचे बघू नका आणि काढलेले पुसू नका. पुढे या चित्राचे काम पडणार आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत मी मुंबईच्या उपनगरांत जातो. घाटकोपरला माझा धाकटा भाऊ राहतो, मुलुंडला थोरली बहीण, आणि अंधेरी-बोरिवलीकडे मामाकडची मंडळी. त्यांच्या चाळींत आणि सोसायट्यांत पाच ते नऊ वर्षांची मुले भरपूर. भर दुपारी त्यांना कोणी उन्हात सोडत नाही. मग ती माझ्याभोवती जमतात. यंदा मी एक चाळीस पानी वही घेतली आणि त्यांना मोठमोठे प्रश्न विचारले. जिवंत कशाला म्हणायचे? वारा कुठून येतो? दगड वाढतो का? पृथ्वी कशी आहे? जे उत्तर येईल ते मुलांच्याच शब्दांत लिहून घ्यायचे, हसायचे नाही, आणि प्रत्येक उत्तरानंतर एकच शब्द विचारायचा : "कशावरून?"

वही भरली. तिच्यात पुस्तकातली उत्तरे थोडी आणि मुलांच्या डोक्यातली जास्त आहेत. बरीचशी उत्तरे चूक आहेत, पण एकही उत्तर उगाच दिलेले नाही. प्रत्येकामागे काहीतरी पाहिलेले आहे. त्यांतली काही तुम्हांला सांगतो, आणि खरे काय तेही सांगतो.

लोकल जिवंत असते का?

घाटकोपरच्या चाळीतला पाच वर्षांचा मुलगा ठामपणे म्हणाला, "लोकल जिवंत असते."

"कशावरून?"

"ती पळते, ओरडते, आणि रात्री कारशेडमध्ये जाऊन झोपते."

"आणि तो समोरचा पिंपळ?"

"तो नाही जिवंत. जागचा हलतच नाही!"

त्याची सात वर्षांची बहीण शेजारी मटार सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "लोकलला पिल्लू होतं का कधी?"

भाऊ गप्प झाला. मी मात्र खूश झालो. सजीव ओळखण्याच्या ज्या खुणा शास्त्रज्ञ सांगतात त्यांतली एक मोठी खूण तिने मटार सोलता सोलता सांगितली होती. सजीव अन्न घेतो, वाढतो, श्वसन करतो, आणि आपल्यासारखा दुसरा जीव निर्माण करतो. लोकल कारखान्यातून जेवढी लांब आली तेवढीच राहते. पिंपळ जागचा हलत नाही खरा, पण मोहरीपेक्षाही बारीक बी भिंतीच्या फटीत पडते आणि काही वर्षांत भिंत फोडते. तुम्ही शेतात वाढलेली मुले आहात, तुम्हांला हे सांगायला नको. पण चाळीच्या खिडकीतून झाड नुसते उभे दिसते आणि लोकल रोज धावताना दिसते. पाच वर्षांच्या मुलाने मग दुसरे काय म्हणावे?

घाटकोपरहून जवळच मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ते १९७४ साली सुरू केले. सुरुवातीच्या वर्षांत या केंद्रातल्या लोकांनी जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या आसपासच्या, आपल्यासारख्याच जिल्हा परिषदेच्या शाळांत काम केले होते. सजीव-निर्जीव आणि वनस्पती यांविषयी मुलांना काय वाटते, यावर तिथल्या संशोधकांनी १९९६ साली पुस्तके काढली. म्हणजे पाहा, मुलांची उत्तरे गोळा करणे हा सुटीतला चाळा नव्हे, ते शास्त्रज्ञांचे कामही आहे.

चांदोबाला पास लागत नाही का?

पौर्णिमेच्या आसपासची संध्याकाळ होती. अंधेरीहून बोरिवलीला निघालो होतो. सहा वर्षांची भाची खिडकीशी बसली होती. इमारतींच्या फटींतून पूर्वेला चंद्र दिसत होता. जोगेश्वरी गेली, गोरेगाव गेले, मालाड गेले. कांदिवली आल्यावर ती म्हणाली, "मामा, हा चांदोबा अंधेरीपासून आपल्या मागे आलाय. याला पास लागत नाही का?"

"तो मागे आला कशावरून?"

"बाकी सगळं मागे राहिलं. हा एकटाच नाही राहिला."

तिचे पाहणे अगदी बरोबर आहे. एस. टी. च्या खिडकीतून तुम्हीही हे पाहिले असेल. रस्त्याकडेचे लिंब सपकन मागे जातात, शेतातली खोपटी हळूहळू जातात, लांबचा डोंगर जागचा हललासा वाटत नाही. जितके लांब, तितके कमी सरकते. चंद्र पृथ्वीपासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. अंधेरी ते बोरिवली अंतर जेमतेम १२ किलोमीटर. चंद्राची रुंदी सुमारे ३,४७४ किलोमीटर आहे. आपल्या चालण्याने चंद्र त्याच्या स्वतःच्या रुंदीएवढा बाजूला सरकलेला दिसायचा, तर आपल्याला जवळजवळ तेवढेच किलोमीटर जावे लागेल. आपला देश उत्तर-दक्षिण ३,२१४ किलोमीटर लांब आहे. म्हणजे काश्मीरच्या टोकापासून कन्याकुमारीपर्यंत गेले तरी पुरे पडणार नाही! मग बारा किलोमीटरांत तो काय सरकणार? बाकी सगळे मागे जाते आणि तो जात नाही, म्हणून तो सोबत येतोसे वाटते. (चंद्र रात्रभरात पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, ती गोष्ट वेगळी. ते पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यामुळे दिसते.)

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात झां प्याजे नावाचे मोठे मानसशास्त्रज्ञ होते. लहान मुले जगाविषयी काय समजतात, यावर त्यांनी १९२६ साली एक पुस्तक लिहिले. चंद्र आणि सूर्य आपल्या मागोमाग येतात असे तिथली मुलेही सांगत. जिनिव्हाचा चंद्र आणि कांदिवलीचा चंद्र एकच, आणि लहानग्यांचे डोळेही सारखेच.

चालत्या गाडीतून काय दिसते, यावर आपल्याकडे आर्यभटांनीही फार पूर्वी विचार केला होता. इ. स. ४९९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी त्यांनी ग्रंथ लिहिला. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्यांनी त्यात सांगितले. खिडकीशी बसणाऱ्या पोरीच्या प्रश्नापासून ही गोष्ट फार लांब नाही.

झाडे वारा घालतात

मुलुंडला बहिणीच्या घरामागे डोंगर आणि झाडी दिसते. तिच्या शेजारचा सात वर्षांचा मुलगा म्हणाला, "झाडं हलतात, म्हणून वारा येतो."

"कशावरून?"

"पंखा फिरला की वारा येतो. आजी पुठ्ठा हलवते तेव्हा पण येतो. मग झाडांना तर किती पानं आहेत!"

काय चुकले सांगा बरे? पंखा पाहिला, पुठ्ठा पाहिला, त्यावरून नियम काढला आणि तो झाडाला लावला. शास्त्रज्ञ याहून निराळे काय करतात? फक्त शास्त्रज्ञ एक पायरी पुढे जातात. नियम मोडतो का, हे ते मुद्दाम तपासून पाहतात. म्हणून मी त्याला विचारले, "समुद्रावर झाडं नाहीत, मग जुहूला एवढा वारा कुठून?" तो विचारात पडला. मग म्हणाला, "लाटा हलतात ना!"

पठ्ठ्या हरला नाही! मग आम्ही गच्चीवर प्रयोग केला. तो तुम्हीही करा. एका परातीत कोरडी माती आणि दुसरीत तेवढेच पाणी घ्या. दोन्ही सकाळपासून उन्हात ठेवा आणि दुपारी हात लावून पाहा. माती चटका देते, पाणी कोमटच राहते. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. तापलेल्या जमिनीवरची हवा गरम होऊन हलकी होते आणि वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत शिरते. तोच दुपारचा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा वारा उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. आपल्या शेतांना पाऊस देणाऱ्या मोसमी वाऱ्यांमागेही जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातला हाच फरक मोठे कारण आहे.

परातींना हात लावून झाल्यावर तो मुलगा म्हणाला, "मग झाडं वारा घालत नाहीत. वारा झाडांना हलवतो." मी काही सांगितले नव्हते, त्याचे त्यानेच उलटवले.

दगड वाढतो का?

अंधेरी पश्चिमेला वस्तीच्या मधोमध गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या दगडाचा सुळका आहे. उंची सुमारे २०० फूट. उभे खांब एकमेकांना चिकटवून ठेवावेत तसा तो दिसतो. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. तिथल्या आठ वर्षांच्या मुलीला विचारले, "हा एवढा उंच कसा झाला?"

"वाढला. खूप म्हातारा आहे ना तो."

"कशावरून?"

"माझी उंची बाबा दर वाढदिवसाला दारावर लिहितात. दर वर्षी वाढते."

आपल्या गावातही म्हणतात, बरे का, की शेतातला दगड वाढतो. दर पावसाळ्यानंतर तो थोडा जास्त वर आलेला दिसतो. पण वाढतो तो दगड नव्हे, वाहून जाते ती माती. गिल्बर्ट हिलचेही तसेच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतून तप्त रस वर आला. तो निवताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडल्या, म्हणून ते खांब. भोवतालचा दगड काळाच्या ओघात झिजला, आणि पुढे माणसांनी खाणी खणून फोडून नेला. सुळका तेवढा उरला. म्हणजे मुलगी म्हणाली त्यातले अर्धे बरोबर होते. तो वाढलेला नाही, पण म्हातारा मात्र खरोखर आहे.

किती म्हातारा? तिला मी असे समजावले. एका वर्षाला एक मिलिमीटर धर, पट्टीवरची सगळ्यांत लहान खूण. तुझी आठ वर्षे म्हणजे तुझ्या करंगळीच्या नखाएवढी. सत्तर वर्षांचे आजोबा सात सेंटिमीटर. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला, म्हणजे १६७४ सालाला, साडेतीनशे वर्षे झाली. ते अंतर एका फुटाहून थोडे जास्त. बोरिवलीच्या जंगलातली कान्हेरीची लेणी सुमारे दोन हजार वर्षांची, म्हणजे दोन मीटर. आणि गिल्बर्ट हिल? ६६ किलोमीटर! चर्चगेट ते विरार हा पश्चिम रेल्वेचा रस्ता साधारण ६० किलोमीटर आहे. तो संपला तरी आपण अजून दगडाच्या जन्मापर्यंत पोहोचलेले नसतो.

ती बराच वेळ स्वतःचे नख बघत होती.

सावली डब्यात गेली

"दुपारी बारा वाजता सूर्य कुठे असतो?" या प्रश्नाला सगळ्यांनी एका सुरात सांगितले, "डोक्यावर!" मोठ्या माणसांनीही तेच सांगितले. म्हणून १५ मेला आम्ही बोरिवलीत एका गच्चीवर गेलो आणि वीतभर उंचीचा, सरळ बाजूंचा स्टीलचा डबा सपाट जागी ठेवला. बारा वाजले. डब्याची दोन बोटे सावली होतीच. मुले कंटाळली, पण हलली नाहीत. सावली आकसत आकसत बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास नाहीशी झाली.

सगळ्यांत धाकटा पाच वर्षांचा होता. तो ओरडला, "सावली डब्यात गेली!" आणि त्याने झाकण उघडून आत पाहिले. आठ वर्षांच्या एकाने मात्र घड्याळाकडे पाहून निकाल दिला, "सूर्य बरोबर आहे. घड्याळच पुढे आहे."

मोठी माणसे हसू लागली. पण मुलाचे म्हणणे खरे आहे! आपली घड्याळे भारतीय प्रमाणवेळ दाखवतात. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरची वेळ आहे. मुंबई त्याच्या पश्चिमेला सुमारे साडेनऊ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे मुंबईचे घड्याळ मुंबईच्या सूर्यापेक्षा जवळजवळ ३९ मिनिटे पुढे असते. ऋतूप्रमाणे यात काही मिनिटांचा फरक पडतो, म्हणून मे महिन्यात १२ वाजून ३५ मिनिटे. मुंबईची स्वतःची निराळी वेळ पूर्वी होतीच. ‘बाँबे टाइम’ म्हणून ती १९५५ पर्यंत चालू होती.

आणखी एक. सूर्य ‘रोज’ डोक्यावर येत नाही. मुंबईत तो वर्षातून दोनदाच बरोबर डोक्यावर येतो : १५-१६ मेच्या सुमारास आणि पुन्हा २७-२८ जुलैच्या सुमारास. जुलैत बहुधा ढग असतात म्हणून कळत नाही. पुण्यात हा दिवस १३ मेच्या सुमारास येतो, नागपुरात २६ मेच्या सुमारास. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, उदाहरणार्थ दिल्लीला, तो कधीच येत नाही. पुढच्या मे महिन्यात आपल्या अंगणात डबा ठेवा आणि स्वतः तारीख शोधून काढा.

पृथ्वी एक की दोन?

आता तुमचे चित्र समोर घ्या.

घाटकोपरला मी मुलांकडून हेच चित्र काढून घेतले. "पृथ्वी कशी आहे?" असे तोंडी विचारले तेव्हा सगळी एकदम म्हणाली होती, "गोल!" चित्रे मात्र निरनिराळी निघाली. एकाने ताटासारखी गोल काढली आणि माणसे ताटात उभी केली. एकीने चेंडू काढला, पण चौघेही माथ्यावर दाटीवाटीने. विचारले तर म्हणाली, "खालची पडतील ना!" एका मुलीने माणसे चेंडूच्या आत, तळाशी काढली. वरचा अर्धा भाग म्हणजे आकाश. तिचे कारण ऐका : "वर बघितलं की आकाश वाटीसारखं दिसतं. म्हणजे आपण आत आहोत."

आणि चौथीतल्या एका मुलाने दोन पृथ्व्या काढल्या. एक सपाट, तिच्यावर माणसे, ढग आणि पाऊस. दुसरी वर कोपऱ्यात, गोल आणि निळी. त्याने माझ्या कानाशी येऊन सांगितले, "पेपरात गोल लिहायचं. ती गोलवाली वर असते. आपली सपाटच आहे. आमच्या सरांना सांगू नका हं."

मुलांनो, बाकीच्या उत्तरांनी मला गंमत वाटली. या उत्तराने काळजी वाटली. त्या मुलाला या प्रश्नाचे मार्क नेहमी मिळतात. वर्गात तो चुकत नाही, म्हणून त्याला कोणी काही विचारत नाही. त्याच्या डोक्यात एक पृथ्वी परीक्षेची आहे आणि एक चालण्याची, आणि दोघींची कधी गाठच पडलेली नाही.

तो एकटा नाही. अमेरिकेत स्टेला वोस्नियादू आणि विल्यम ब्रूअर या दोन संशोधकांनी अर्बाना या गावातल्या पहिली, तिसरी आणि पाचवीच्या ६० मुलांना असेच प्रश्न विचारले. त्यांचा निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला. ‘गोल’ म्हणणारी मुले पुष्कळ होती, पण सर्व उत्तरांत नीट गोल पृथ्वीच धरून चालणारी ६० पैकी २३ निघाली. कोणाची पृथ्वी पोकळ, कोणाची चपटी, आणि आठ जणांच्या दोन पृथ्व्या! पुढे हैदराबादच्या मुलांना विचारले, तेव्हा पृथ्वी पाण्यावर तरंगते असे सांगणारी बरीच भेटली. तो निबंध १९९६ चा. घरी ऐकलेल्या गोष्टी आणि शाळेत ऐकलेला धडा यांचा मुलांनी आपल्या परीने मेळ घातला होता. मानखुर्दच्या केंद्रातल्या शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडपट्टीतल्या मुलांबरोबर खगोलशास्त्र शिकण्या-शिकवण्याचा अभ्यास केला. चित्रे काढून आणि हातवारे करून, स्वतःच्या शरीराने दिशा दाखवून ही गोष्ट कशी उमगते, याकडे त्यांनी विशेष लक्ष दिले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रश्न कसा विचारावा, यावरही उत्तर ठरते. २००४ साली इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात मुलांपुढे निरनिराळ्या आकारांचे नमुने ठेवले आणि "पृथ्वी यांतल्या कोणासारखी?" असे विचारले. तेव्हा बरीच लहान मुले गोल नमुना निवडत होती. म्हणून नुसत्या चित्रावरून कोणाला ‘ढ’ ठरवू नये. चित्र काढून झाले की बोलावे.

आता खरे काय ते पाहू. एक चेंडू घ्या आणि त्याला चिखलाने चार काड्या उभ्या चिकटवा. ही तुमची चार माणसे. प्रत्येकाचे पाय कुठे आहेत? चेंडूकडे. डोके? चेंडूपासून दूर. पृथ्वी सगळ्यांना आपल्या मध्याकडे ओढते. म्हणून ‘खाली’ म्हणजे कागदाच्या तळाकडे नव्हे, ‘खाली’ म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे. चेंडूच्या बुडाशी असलेल्या माणसालाही आपण सरळ उभे आहोत असेच वाटते, कारण त्याचेही पाय जमिनीकडेच आहेत. तो पडेल कुठे? त्याचे ‘खाली’ तर त्याच्या पायांशीच आहे.

तुमच्या चित्रातला पाऊस तपासा. चारही ढगांतला पाऊस त्या त्या माणसाच्या पायांकडे पडतो आहे का? की सगळा कागदाच्या तळाकडे चालला आहे? तळाकडे चालला असेल तर घाबरू नका. पुसूही नका. शेजारी दुसरे चित्र काढा आणि दोन्ही ठेवा.

मग एवढी गोल पृथ्वी सपाट का दिसते? कारण ती फार मोठी आणि आपण फार लहान. तिचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. रोज वीस किलोमीटर चालले, आणि वाटेत समुद्र नाही असे धरले, तरी फेरी पुरी व्हायला साडेपाच वर्षे लागतील. पण तिचा गोलपणा मुंबईच्या किनाऱ्यावर दिसतो बरे! वर्सोव्याच्या वाळूत उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला समुद्राची कडा साडेचार किलोमीटरांवर दिसते. तोच जर किनाऱ्यावरच्या चाळीस मीटर उंच इमारतीच्या गच्चीवर गेला, तर कडा सुमारे बावीस किलोमीटर दूर जाते. समुद्र सपाट असता तर उंच चढून असा फरक पडला नसता. दूर जाणाऱ्या जहाजाचे बूड आधी दिसेनासे होते आणि शीड किंवा डोलकाठी शेवटी, तेही याचमुळे.

त्या चौथीतल्या मुलाला मी ‘चूक’ म्हटले नाही. चेंडू आणि काड्या दिल्या आणि विचारले, "तुझ्या दोन पृथ्व्या एकच असतील तर कसं होईल?" त्याने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ती वरची निळी म्हणजे आपलीच. लांबून काढलेला फोटो." हे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ते त्याचे आहे, आणि म्हणून ते परीक्षेनंतरही राहील.

कोरे पान

माझ्या वहीत एक पान जवळजवळ कोरे आहे. "आपण पृथ्वीच्या आत राहतो" म्हणणाऱ्या मुलीचे ते पान. तिचे उत्तर ऐकून घरातली मोठी माणसे खो खो हसली. पाहुण्यांना बोलावून तिला पुन्हा म्हणायला लावले. त्यानंतर मी जे विचारीन त्याला तिचे एकच उत्तर येऊ लागले : "माहीत नाही." आकाश वाटीसारखे दिसते, हे किती बारकाईने पाहिले होते तिने! हसण्याने ते पाहणे चूक ठरले नाही, फक्त तोंड बंद झाले. बंद तोंडाला कोणी चेंडू-काड्या देत नाही.

म्हणून हा लेख वाचणाऱ्या पालकांना आणि ताई-दादांना हात जोडून विनंती. लहानग्याने काही विचित्र सांगितले तर हसू गिळा आणि "कशावरून?" असे विचारा. उत्तर ऐकल्यावर एखादी परात, एखादा डबा, एखादा चेंडू त्याच्या हाती द्या. उत्तर तुम्हांलाही ठाऊक नसेल तर "चल, बघू या" म्हणा. त्याने कोणाचा मान कमी होत नाही.

थोर खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्याकडे मुले सही मागायला गर्दी करत. ते म्हणत, सही हवी तर मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. मी उत्तर लिहीन, त्याखाली माझी सही असेल. मुलांचे प्रश्न त्यांना सहीच्या वहीपेक्षा मोलाचे वाटत.

आपल्याकडे पोस्टकार्ड नको. या भित्तिपत्रकाशेजारी खडूच्या रिकाम्या खोक्याची प्रश्नपेटी टांगली आहे. तिच्यात प्रश्न टाका, आणि त्याचे तुम्हांला वाटणारे उत्तरही टाका. उत्तर बरोबरच पाहिजे असे नाही. नाव घातले नाही तरी चालेल. एकच अट आहे : उत्तराखाली ‘कशावरून’ ते लिहायचे. दर शनिवारी आपण पेटी उघडू, एक चिठ्ठी काढू आणि पटांगणात तिचा प्रयोग करू. पहिल्या शनिवारी येताना प्रत्येकाने एक चेंडू आणि चार काड्या आणाव्यात.

तुमचे गुरुजी